बँकेत दोनच भाग : लातूरहून दुपारची मालिका लिहिणाऱ्या संवादलेखिकेचं प्रकरण

डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी मालिकेच्या बँकेत, म्हणजे पुढच्या प्रसारणासाठी हाताशी असलेल्या साठ्यात, ९ भाग होते. तिसऱ्या शनिवारी रात्री २ उरले. मधल्या तीन आठवड्यांत १८ भाग प्रसारित झाले, संवादलेखिकेनं २० भाग आणि २२ सुटे, म्हणजे कोणत्याही भागात बसवता येतील असे, सीन लिहिले, आणि करारानुसार तिला मानधन मिळणार होतं फक्त १८ भागांचं. हे कसं घडलं, त्यातलं काय टाळता आलं असतं आणि काय कुणालाच टाळता येत नाही, हे इथं मांडायचं आहे.

हे एका व्यक्तीचं चरित्र नव्हे. या कामात पुन्हा पुन्हा होणाऱ्या गोष्टी एका लेखिकेभोवती रचून प्रकरण बांधलं आहे. दर, भागांची संख्या आणि दिवस हे त्या रचनेतले आहेत. कायदा, कर आणि इतिहास यांचे तपशील मात्र आहेत तसेच दिले आहेत.

लेखिका लातूरची, मराठीची एम.ए. एकांकिका स्पर्धांमधून ती लिहिती झाली. मराठवाड्यातून या धंद्यात येणाऱ्यांची ही जुनी वाट आहे. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातला नाट्यशास्त्र विभाग आणि तिथल्या हौशी रंगभूमीनं मुंबईला कितीतरी लेखक-दिग्दर्शक दिले. नाटककार प्रशांत दळवी आणि दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णी तिथूनच गेले. पण एकांकिका आणि दैनंदिन मालिका यांचं लेखन वेगळं असतं. एकांकिकेत चाळीस मिनिटांसाठी चार महिने मिळतात. मालिकेत बावीस मिनिटांसाठी एक दिवस.

सुरुवातीचे दोन महिने तिनं दुसऱ्या संवादलेखकाच्या हाताखाली विनानाव काम केलं. मग चाचणीचे ५ सीन लिहून दुपारी दीडच्या एका मालिकेचे संवाद तिच्याकडे आले. नायिका लातूरची, सासर ठाण्याचं. आठवड्याला ६ भाग. दर भागाला ३,५०० रुपये, म्हणजे २६ भागांच्या महिन्याला ९१,०००. उगमस्थानी १० टक्के करकपात वजा जाता हातात ८१,९००. आकडा चांगला वाटतो, पण तो हातात कधी पडतो ते बघावं लागतं. प्रसारण १ जुलैला सुरू झालं, लेखन त्याआधी तीन आठवडे. जुलैचं बिल ३१ तारखेला गेलं आणि करारात ६० दिवसांची मुदत होती, म्हणजे पहिला रुपया सप्टेंबरच्या अखेरीस आला. पावणेचार महिने दिवसाला सात-आठ तास काम आणि उत्पन्न शून्य. या व्यवसायात शिरणाऱ्यानं चार महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवूनच शिरावं. लातूरला राहून हे जमलं, ठाण्यात भाड्यानं राहून जमलं नसतं.

काम कसं चालतं

संवादलेखक ही साखळीतली तिसरी कडी. पहिली कथाविस्तार लिहिणाऱ्याची, तो पुढच्या दोन-तीन महिन्यांचा ट्रॅक, म्हणजे कथेचा धागा, ठरवतो आणि आठवड्याचं वनलायनर, म्हणजे कोणत्या भागात काय घडतं याची थोडक्यात रूपरेषा, देतो. दुसरी पटकथाकाराची, तो भागाचे ९ ते ११ सीन पाडतो, ब्रेक कुठं, हुक (प्रेक्षकाला पुढच्या भागापर्यंत धरून ठेवणारा क्षण) कुठं ते ठरवतो. मग संवाद. प्रत्येक टप्प्यावर निर्मिती संस्थेचा क्रिएटिव्ह, म्हणजे कथेवर देखरेख करणारा, आणि वाहिनीचा ईपी, म्हणजे कार्यकारी निर्माता, यांची मंजुरी लागते. अमेरिकेतल्या दिवसाच्या मालिकांमध्येही हीच विभागणी आहे. मुख्य लेखक लांब पल्ल्याची कथा धरतो, ब्रेकडाउन लिहिणारे दिवसाचा आराखडा करतात, संवाद तिसराच लिहितो, आणि करार तेरा तेरा आठवड्यांच्या टप्प्यांत चालतात. ‘गाइडिंग लाइट’ रेडिओवर १९३७ साली सुरू झाली आणि दूरचित्रवाणीवर २००९ मध्ये संपली, ती अशाच साखळीच्या जोरावर. साबण विकणाऱ्या कंपन्या या मालिकांच्या प्रायोजक होत्या, म्हणून ‘सोप’ हे नाव. आपल्याकडे दुपारच्या दैनंदिन मालिकेची सवय लावली ती दूरदर्शनवरच्या १९९४च्या ‘शांती’नं.

लातूरमधला रोजचा क्रम असा : संध्याकाळी सहापर्यंत पटकथा येते, चार-पाच पानं. रात्री तीन-चार सीन, पहाटे उरलेले, आणि ११ वाजता १८ ते २० पानं रवाना. दुपारनंतर दुरुस्त्या. मंजुरीनंतर साधारण चौथ्या दिवशी चित्रीकरण, त्यानंतर संकलन, पार्श्वसंगीत, वाहिनीची तपासणी, आणि चित्रीकरणाच्या पाचव्या दिवशी प्रसारण. अर्ध्या तासाच्या पट्ट्यात जाहिराती, शीर्षक आणि आधीच्या भागाची झलक वजा जाता कथेला बावीसेक मिनिटं उरतात. एका युनिटच्या बारा तासांच्या शिफ्टमध्ये साधारण तेवढंच चित्रित होतं. म्हणजे एक दिवस, एक भाग. एक दिवस बुडाला की एक भाग बँकेतून जातो, आणि रविवारी शिफ्ट लावल्याशिवाय परत येत नाही.

दुपारच्या वेळेचं एक वेगळं गणित आहे. वाहिनीला दुपारी रात्रीच्या मालिकेचं पुनःप्रक्षेपण दाखवता येतं आणि त्याला नवा खर्च नसतो. नव्या मालिकेला त्या फुकटच्या भागापेक्षा जास्त प्रेक्षक आणून दाखवावे लागतात, तेही कमी बजेटमध्ये. दुसरं म्हणजे दुपारी मालिका निम्मी ऐकलीच जाते. बाई ताट घेऊन बसलेली असते, गहू निवडत असते, कपड्यांना इस्त्री करत असते. नजर मध्येच जाते, कान तिथंच असतो. म्हणून रात्रीच्या मालिकेत जे डोळ्यांच्या भाषेत चालतं ते इथं शब्दांत यावं लागतं : आत आलेल्या माणसाचं नाव पहिल्या दोन वाक्यांत, फोन कुणाचा ते फोन घेणाऱ्याच्या तोंडून, आणि महत्त्वाची बातमी ब्रेकनंतर पुन्हा एकदा, वेगळ्या माणसाच्या तोंडी. नवखे लेखक या पुनरुक्तीला कमी लेखतात. ती नीट जमवणं हेच या वेळेचं खरं कसब आहे, कारण माहिती तीच ठेवून भावना बदलावी लागते.

तीन आठवडे

पहिल्या सोमवारच्या ९ भागांपैकी ५ संकलित होऊन तयार होते आणि ४ फक्त कागदावर मंजूर होते. क्रिएटिव्हच्या तक्त्यात दोन्हींची बेरीज एकाच रकान्यात होती. पहिली चूक ही. कागदावरचा भाग म्हणजे बँक नव्हे.

त्याच दिवशी सासूचं काम करणाऱ्या अभिनेत्रीला डेंग्यू झाल्याचं कळलं. रोजच्या दहापैकी सहा-सात सीनमध्ये ती असायची. पुढच्या भागांतले तिच्याशिवायचे सीन आधी उरकावेत, हा अशा वेळचा नेहमीचा उपाय. पण कागदावरच्या त्या ४ भागांपलीकडच्या पटकथाच आल्या नव्हत्या, त्यामुळे उरकायला फारसं काही नव्हतं. चित्रीकरणाचे ४ दिवस बुडाले. संवादलेखिकेला सुटे सीन लिहायला सांगितलं : दीर आणि जाऊ, नायिका आणि मोलकरीण, दोन शेजारणी. तीन दिवसांत असे १४ झाले. काही वापरले गेले, काही कुठंच बसले नाहीत, कारण ते कोणत्या भागात जाणार हे ठाऊक नसताना लिहिले होते.

मग गुरुवार आला. प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या बार्क या संस्थेचे साप्ताहिक आकडे गुरुवारी येतात आणि मालिकांच्या कचेऱ्यांमध्ये त्या दुपारी दुसरं काम होत नाही. मालिका घसरली होती. दागिन्यांच्या चोरीचा ट्रॅक गुंडाळायचा आणि जानेवारीसाठी ठेवलेलं ‘नायिका सासर सोडून माहेरी येते’ हे वळण आत्ताच आणायचं, असा निर्णय वाहिनीनं घेतला. निर्णय वाईट नव्हता. महाराष्ट्राचे आकडे मोजताना ग्रामीण भागही धरला जातो, आणि लातूरचं माहेर ही या मालिकेची खरी ताकद होती. पण मंजूर झालेले ४ भाग त्या संध्याकाळी रद्दीत गेले. नव्या ट्रॅकचे ५ भागही पुढच्या आठ दिवसांत लिहून बाद झाले, कारण नायिका घर सोडते ते भांडून की गुपचूप, यावर कथाविस्तार आणि वाहिनी यांचं एकमत होत नव्हतं. वर एकमत होईपर्यंत खाली लेखन चालूच ठेवायचं, ही दुसरी चूक. संवादलेखकाचा घाम वर घडणाऱ्या चर्चेसाठी कच्चा माल म्हणून वापरला जातो, आणि त्याची कुठं नोंदही होत नाही.

तिसऱ्या आठवड्यात काम हातघाईवर आलं. कलाकार मेकअपला बसलेले आणि सीन मोबाइलवर येतोय, अशी अवस्था. अशा घाईत जे होतं ते झालं : एका भागातला नायिकेनं पाटल्या गहाण ठेवल्याचा सीन उडाला, पण दोन भागांनंतर तिच्या भावाच्या तोंडचं ‘पाटल्या कुठं गेल्या ते मला ठाऊक आहे’ हे वाक्य तसंच राहिलं आणि प्रसारित झालं. सीन उडवताना त्यातली माहिती पुढं कुठं कुठं वापरली आहे हे शोधायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं कुणाकडं नव्हती.

येळवस

या गोंधळात एक तारीख मात्र हलणारी नव्हती. वेळ अमावस्या, म्हणजेच येळवस. लातूर-धाराशिवकडं हा सण दिवाळीच्या तोडीचा. सगळं गाव रानात जातं, कडब्याची कोप (खोपी) करून पूजा होते, भज्जी, आंबील आणि उंड्यांचं जेवण रानातच. लातूरच्या माहेराची गोष्ट सांगणारी मालिका त्या आठवड्यात येळवस विसरली असती तर त्या मुलखातला प्रेक्षक दुखावला असता. येळवस होती सोमवारी. ठाण्याच्या सेटवर ना रान, ना कडबा. बाहेरच्या चित्रीकरणाचा एक दिवस काढायला बँकेत दिवसच शिल्लक नव्हता.

लेखिकेनं सुचवलेला मार्ग असा होता : सण दाखवायचा नाही, सणाची आदली संध्याकाळ दाखवायची. शनिवारच्या भागात माहेरचं स्वयंपाकघर, सोमवारी पहाटे डोक्यावर आंबिलीचं मडकं घेऊन उंबऱ्यातून बाहेर पडणारी आई. रान दिसतच नाही. स्वयंपाकघराचा सेट उभा होताच, कलाकार दोघीच. आणि नायिकेच्या घरी येण्याचं दुःख आणि सणाची लगबग एकाच खोलीत आली, त्यामुळे शनिवारचा हुक रविवार ओलांडून टिकला.

त्या सीनचे तीन खर्डे झाले, आणि भाषेचा प्रश्न त्यात स्वच्छ दिसतो. पहिला खर्डा ठसक्यात लातुरी होता :

आई : कवा आलीस? अन् बॅग कामून आणलीस? काय लपवूलालीस माझ्यापून?

ईपीनं कळवलं की ‘लपवूलालीस’ कोकणात आणि खानदेशात कळणार नाही. मग सेटवर कुणीतरी तो बदलला :

आई : व्हय गं पोरी, कवा आलीस म्हनायची? ही बॅग कशापायी गं?

हे कोल्हापूर-साताऱ्याकडचं वळण. मालिकांत ‘ग्रामीण’ म्हटलं की हेच येतं, मग गाव बीडचं असो की बुलढाण्याचं. लातूरच्या बाईला ते ऐकून आपण नाही, दुसरंच कुणीतरी बोलतंय असं वाटतं. तिसरा खर्डा चित्रित झाला :

आई : (तुरीच्या शेंगा सोलत, मागं न बघता) आलीस माय?
मुलगी : उद्या येळवस ना.
आई : (आता बघते. बॅगेकडं.) येळवसीला लेकी पिशवी घेऊन येतेत. बॅग घेऊन नाही.
(मुलगी गप्प.)
आई : हात धू. भाकरी खा. मग बोलू.

बोली कळत नाही तेव्हा अडचण बहुतेक वेळा क्रियापदाच्या रूपात असते. संज्ञा संदर्भानं कळतात : ‘येळवस’ हा शब्द न ऐकलेल्यालाही ‘उद्या’ आणि स्वयंपाक यांमुळे सण आहे हे समजतं. ‘येतेत’ हे रूप ‘येतात’च्या इतकं जवळ आहे की अडत नाही, आणि मराठवाड्याची ओळख पूर्ण देतं. ‘माय’ या एका हाकेनं उरलेलं काम होतं. या अनुभवावरून एक पानी भाषेचा तक्ता तयार झाला : ‘येतेत, करतेत, जातेत’ कायम, ‘करूलालीस’ भागात एकदा, तेही हातात काम दिसत असताना, ‘लेकरू’, ‘माय’, ‘उगं’ मोकळे, ‘व्हय’, ‘न्हवं’, ‘कशापायी’ वर्ज्य. नांदेड-परभणीकडं ‘करायलीस’ म्हणतात, म्हणून नायिकेच्या परभणीच्या मावशीला ते रूप दिलं, म्हणजे दोघी बहिणी वेगळ्या गावी नांदतात हे ऐकूनच कळतं. तक्त्याबरोबर आवाजाची ध्वनिफीत गेली, कारण लिहिलेल्या ‘येतेत’वर जोर कुठं द्यायचा हे कागद सांगत नाही.

हिशेब

बँक ९ वरून २ वर आली. संकलित साठ्यातले ५ पैकी ४ भाग आजारपणानं खाल्ले, आणि १८ पैकी १४ दिवसच चित्रीकरण झाल्यानं ते भरून आले नाहीत. कागदावरचे ४ भाग ट्रॅक बदलण्यात गेले, त्यांच्या जागी १ उभा राहिला. लेखिकेचे बाद झालेले पूर्ण भाग ४ आणि ५, मिळून ९, म्हणजे ३१,५०० रुपयांचं काम. २२ सुट्या सीनचा दहाला एक भाग असा हिशेब धरला तर आणखी ७,७००. एकूण ३९,२००, सगळं बिनमोबदला. करारात वाक्य होतं : ‘प्रसारित भागापुरतं मानधन देय राहील.’ या एका वाक्यात वाहिनीचा, निर्मात्याचा आणि नशिबाचा सगळा धोका साखळीतल्या सर्वांत कमी पैसे घेणाऱ्यावर टाकलेला आहे. हे अन्यायाचं आहे, आणि रूढ आहे म्हणून ते न्याय्य होत नाही.

जानेवारीत कराराचं नूतनीकरण होतं. लेखिकेनं तीन आठवड्यांची नोंद समोर ठेवली : कोणता भाग कधी पाठवला, कुणी मंजूर केला, कधी बाद झाला. ही नोंद ईमेलमध्ये होती म्हणून निभावलं. मोबाइलवर तोंडी झालेल्या दुरुस्त्या तिला सिद्ध करता आल्या नाहीत. मागण्या चार : मंजुरीनंतर बाद झालेल्या भागाचं पूर्ण मानधन, मंजुरीआधी बाद झालेल्याचं निम्मं, दोन दुरुस्त्यांनंतर प्रत्येक सीनचा वेगळा दर, आणि मुदत प्रसारणापासून नव्हे तर लेखन सुपूर्द केल्यापासून. मंजुरीनंतर बाद झालेल्याचं निम्मं मिळालं आणि सुट्या सीनला ३०० रुपये ठरले. मुदत ६० दिवसांचीच राहिली, पण ती सुपूर्द केल्याच्या महिन्यापासून मोजायचं ठरलं. मंजुरीआधी बाद झालेल्याचं काहीच नाही.

करार वाचताना कायद्यातल्या काही गोष्टी ठाऊक असाव्यात. कॉपीराइट कायद्यानं हक्काचं हस्तांतरण लेखी असावं लागतं. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. २०१२च्या दुरुस्तीनंतर, चित्रपटगृहाबाहेरच्या वापरासाठी लेखकाचा रॉयल्टीचा हक्क त्याला सोडून देता येत नाही, आणि सोडल्याचं वाक्य करारात असलं तरी ते रद्दबातल ठरतं. नावाचा हक्क कलम ५७ खाली वेगळा आहे, तो पैसे घेऊन संपत नाही. नुसत्या कल्पनेवर मात्र हक्क नसतो, लिहून मांडलेल्या रूपावर असतो. म्हणून आपली स्वतंत्र मालिकेची कल्पना कुणाला ऐकवण्याआधी पात्रं, पहिल्या काही आठवड्यांचं वनलायनर आणि दोन-तीन सीन लिहून मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडं नोंदवावेत. सदस्याला हे घरबसल्या ऑनलाइन करता येतं, आणि वाद झाला तर संघटनेची तंटा-निवारण समितीही आहे. संवादलेखक प्राप्तिकराच्या व्याख्येत ‘चित्रपट कलाकार’ या व्यवसायात मोडतो, त्यामुळे अनुमानित उत्पन्नाची सोय, म्हणजे जमेच्या निम्मं उत्पन्न धरण्याची, त्याला मिळू शकते. कापलेला कर विवरणपत्र भरूनच परत येतो.

कामाच्या पद्धतीत बदललेलं असं : संकलित, चित्रित आणि मंजूर असे तीन रकाने वेगळे झाले, आणि संकलित भाग ४ च्या खाली गेले की वनलायनर बदलायचं नाही, असं ठरलं. ते दोनदा मोडलं गेलं, पण मोडताना निदान चर्चा झाली. सुट्या सीनचा साठा १२चा ठेवला जातो. प्रत्येक दीड-दोन पानांचा, दोनच कलाकारांचा, कायम उभ्या सेटवरचा. त्यात वार, सण, जेवणाचा पदार्थ, दुखापत, दागिना यांचा उल्लेख नाही, कारण यांतलं काहीही पुढच्या-मागच्या भागाशी भांडतं. सासूचा एकही नाही. नांदेडची एक सहलेखिका आठवड्यातले २ भाग करते, तिचं नाव श्रेयनामावलीत येतं आणि दर भागाला २,००० रुपये तिला मूळ लेखिकेच्या मानधनातून जातात. हा भार निर्मात्यानं उचलायला हवा होता, तो उचललेला नाही.

लातूर सोडायचं की नाही हा प्रश्न अजून सुटलेला नाही. महिन्यातून एकदा रात्रीच्या मुंबई गाडीनं ती जाते, दोन दिवस सेटवर बसते, कलाकार कुठं श्वास घेतात ते ऐकते आणि त्यानुसार वाक्यं तोडते. घरी इन्व्हर्टर आणि दोन वेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं आहेत. पण पटकथेच्या बैठका अचानक ठरतात, आणि खोलीत बसलेल्याचं म्हणणं फोनवरच्यापेक्षा आधी ऐकलं जातं. संवादाकडून पटकथेकडं जायचं तर ती खोली टाळता येत नाही. मार्चअखेर बँकेत ११ भाग होते, त्यातले ६ संकलित, आणि तिच्याकडं पुढच्या ट्रॅकच्या पटकथेचे पहिले ४ भाग चाचणीसाठी आले होते. ते चारही लातूरच्या घरात घडणारे आहेत.